गोनोरियासाठी एमआयसी स्ट्रिप: महाग आहे, तरी घ्याच

मायक्रो लॅबमध्ये काम करणाऱ्यांसाठी लिहितेय. गोनोकोकसच्या (गोनोरियाच्या जंतूच्या) सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे त्याच्यावर कोणतं औषध चालतं हे बघायला, आम्ही बरीच वर्षं फक्त डिस्क (औषध लावलेली कागदी चकती) लावायचो, आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनसाठी एमआयसी स्ट्रिप लावतो, म्हणजे चढत्या मात्रेत औषध लावलेली, आकडे छापलेली पट्टी, जी जंतूची वाढ थांबवणारी औषधाची कमीत कमी मात्रा (एमआयसी, मायक्रोग्रॅम प्रति मिली) दाखवते. माझं सरळ मत, जिथे गोनोरियाचं कल्चर (जंतू वाढवून बघायचा नमुना) येतं तिथे निदान सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची स्ट्रिप हवीच.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या डिस्कचा झोन (भोवतीचा जंतू न वाढलेला गोल) 35 मिमी किंवा जास्त आला की सीएलएसआय या अमेरिकन संस्थेच्या निकषाप्रमाणे 'सेन्सिटिव्ह' लिहायचं, विषय संपला. स्ट्रिप आकडा देते. एका पेशंटचा जंतू 0.008 ला थांबतो, दुसऱ्याचा 0.125 ला, रिपोर्टवर दोघंही सेन्सिटिव्हच, पण दुसरा चार पायऱ्या (प्रत्येक पायरी दुप्पट) वर चढलाय आणि ते आत्ताच कळतं, इंजेक्शन फेल गेल्यावर नाही. या जंतूने सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रो एकेक करत निकामी केलीत, भरवशाचं म्हणावं असं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच उरलंय, आणि जपानमधल्या एच041 स्ट्रेनचा त्याचा एमआयसी 2 ते 4 मायक्रोग्रॅम असल्याचं 2011 मध्येच छापून आलंय. त्यामुळे मला तो आकडा हवाच असतो.

ऑर्डर देताना रेंज बघा, हे फार महत्त्वाचं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या स्ट्रिप 0.016 ते 256 आणि 0.002 ते 32 अशा दोन रेंजमध्ये मिळतात, गोनोसाठी दुसरीच घ्यायची. एटीसीसी 49226 या कंट्रोल स्ट्रेनची (टेस्ट बरोबर चालली का हे बघायला लावतात तो ठरलेला जंतू) एमआयसीची रेंजच 0.004 ते 0.015 आहे, म्हणजे पहिल्या स्ट्रिपवर कंट्रोलसुद्धा वाचता येणार नाही.

वापरायला सोपी आहे पण लाड करून घेते. फ्रीझरमधून काढलं की पाकीट रूम टेंपरेचरला येईपर्यंत उघडायचं नाही, नाहीतर आत पाणी सुटतं. चिमट्याने उचलून आकडे वरच्या बाजूला ठेवून अलगद टेकवायची, खाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये, आणि एकदा टेकली की सरकवायची नाही कारण औषध लगेच अगारमध्ये (प्लेटमधल्या जंतू वाढवायच्या जेलीत) उतरायला लागतं. सस्पेन्शन (जंतू कालवलेला द्रव) 0.5 मॅकफार्लंडचं, म्हणजे ठरावीक गढूळपणाचं, ताज्या कॉलनीचं, आणि केल्या केल्या पंधरा मिनिटांच्या आत प्लेटवर, कारण हा जंतू आपोआप फुटून मरतो, मग वाढ विरळ येते आणि एमआयसी खोटा कमी दिसतो. जीसी अगार, 1 टक्का सप्लिमेंट, 5 टक्के सीओटू, 20 ते 24 तास. प्लेट भिकार असेल तर महागातली स्ट्रिपही काही करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडात धरली की स्ट्रिपभोवती लांबट अंड्यासारखा स्वच्छ भाग दिसतो आणि त्याची कड जिथे स्ट्रिपला शिवते तो आकडा, बस्स. दोन्ही बाजू वेगळ्या आल्या तर मोठा आकडा धरायचा. 0.094 आला तर रिपोर्टला 0.125 लिहायचं, खाली उतरवायचं नाही, नवीन मुलांना हे मी पहिल्याच दिवशी दाखवते.

अ‍ॅझिथ्रोच्या स्ट्रिपवर तेवढी खूश नाही. सीओटूमुळे अगारचा पीएच उतरतो आणि हे औषध तिथे कमजोर पडतं, त्यामुळे इन्क्युबेटर जरा इकडेतिकडे झाला की एमआयसी हलतो, आणि नेमका 1 च्या आसपास, म्हणजे सेन्सिटिव्हच्या सीमेवर, आला की निकालच बदलतो. असा आला की मी कंट्रोलसोबत परत लावते.

क्लॅमिडिया आणि सिफिलिससाठी ही स्ट्रिप मागवू नका, ते जंतू अगारवर वाढतच नाहीत. आणि ज्यांच्याकडे गोनोचंही फक्त पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) होतं त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून कल्चरचा स्वॉब सुरू करून घ्या, जिवंत जंतूच नसेल तर स्ट्रिप लावणार कशावर.

शक्य असेल तर सुट्या पॅकिंगच्या घ्या. मोठं पाकीट एकदा उघडलं की उरलेल्या स्ट्रिप सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात जपत बसावं लागतं, आणि केसेस कमी असतील तर अर्ध्या तशाच एक्स्पायर होतात.