टाकाळ्याच्या उतारावरचं तळघर: पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

आमचं तळघर 11 बाय 14 फुटांचं, उंची जेमतेम 8 फूट, आणि मधोमध एक बीम, ज्याला नवऱ्याचं डोकं नेमानं लागतं. घर कोल्हापुरात टाकाळ्याच्या उतारावर असल्यामुळं रस्त्याकडून बघितलं तर खोली जमिनीत गाडलेली, मागच्या अंगाला मात्र तिची खिडकी थेट परसात उघडते. सासऱ्यांच्या काळात इथं रद्दी, फुटक्या बादल्या आणि गणपतीचं मखर पडून असायचं. यंदा पाडव्याला खोली वापरात आणली. माझं शिलाई मशिन, लेकीचा अभ्यास आणि धाकट्या दिरांची हलगी, एवढ्यासाठी. उन्हाळा आणि अख्खा पावसाळा निघाला, म्हणून आता लिहिते. पावसाळा न काढता तळघराचं कौतुक करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

पैसे कुठं गेले ते आधी सांगते. रंग, दिवे, टेबल, मांडण्या यांना मिळून जेवढा खर्च आला, त्याच्या दुपटीहून जास्त ओल घालवण्यात गेला, आणि त्यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. येणारा माणूस भिंतीच्या रंगाचं कौतुक करतो, बाहेर वळवलेल्या पाइपचं कुणी करत नाही.

चढाकडच्या भिंतीला वर्षानुवर्षं लोणा लागलेला. हात फिरवला की पांढरी भुकटी बोटांना यायची, ऑइल पेंटला फोड आलेले. आदल्या वर्षी एका वॉटरप्रूफिंगवाल्यानं आतून रसायनाचे दोन हात मारून दिले, वर छापील गॅरंटी कार्ड. पहिल्याच जुलैत पापुद्रे सुटले. त्यानंतर त्यांचा फोन कधी लागलाच नाही, कार्ड अजून कपाटात आहे. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी भिंत ठोकून बघितली, बाहेर एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वहिनी, पाणी आतनं थांबवायचं नसतंय, बाहेरनं वळवायचं असतंय." गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप बरोबर त्याच भिंतीच्या बुडाशी सुटत होता. अख्ख्या गच्चीचा पाऊस तिथंच मुरायचा. पाइप लांब नेऊन परसाच्या टोकाला सोडला आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी बसवली. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि निम्म्याहून जास्त फरक यानंच पडला.

तुमच्याकडची ओल बाहेरून झिरपते की आतल्या हवेतून येते, हे ओळखायची एक साधी रीत आहे. दीड-दोन फुटांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा, चारी कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस सोडून द्यायचा. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूनं थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूनं धरले तर हवेतला दमटपणा आहे. आमच्याकडं चढाकडच्या भिंतीवर आतून थेंब आले, बाकी तिन्हीकडं बाहेरून. म्हणजे दोन वेगळे रोग, आणि औषधंही वेगळी.

दुसऱ्या रोगाचं औषध मला पटायला वेळ लागला नाही, घरातल्यांना लागला. ओल आली की खिडक्या उघडा, वारं खेळू द्या, असं आपण लहानपणापासून ऐकतो. जुलैत तळघरात नेमकं उलटं करायचं. त्या दिवसांत बाहेरची हवा 25 अंश आणि 90 टक्के दमट असेल, तर ती 23 अंशांच्या फरशीला टेकली की पाणी सोडायला लागते. माठातलं पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून दव सुटतं तेच इथं होतं, फक्त तांब्याच्या जागी तुमची भिंत असते. खिडकी उघडून आपण ओल घालवत नाही, आमंत्रण देऊन आत घेतो. सासूबाईंना हे आजही मान्य नाही. मी बाहेर गेले की त्या जाऊन खिडकी उघडतात, आणि भिंतीवरच्या छोट्या आर्द्रतामापकाचा आकडा संध्याकाळी 85 च्या वर. काही शे रुपयांत मिळणारं हे यंत्र आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

पावसाळ्यात खिडकी बंद आणि डीह्युमिडिफायर चालू. घरात त्याला 'ओल ओढायचं मशिन' म्हणतात. वीस हजारांच्या आतबाहेर किंमत, 300 वॉटच्या आसपास वीज. दिवसाला सहा तास चालवलं तरी दोन युनिटच्या आत. खोक्यावर 20 लिटर लिहिलंय म्हणून तेवढं पाणी निघेल असं समजू नका, तो आकडा खूप उष्ण आणि खूप दमट हवेतला असतो. आमची चार लिटरची टाकी ऐन जुलैत दिवसाआड दोनदा भरायची, सप्टेंबरात कमी. आर्द्रता 60 ते 65 वर राहते आणि तेवढी पुरते, बुरशी धरत नाही. उणं म्हणाल तर मशिन गरम हवा टाकतं आणि आवाज करतं. लेक अभ्यासाला बसली की बंद करायला लावते. ते पाणी पिण्याचं नाही आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. आम्ही लादी पुसतो. दुकानात मिळणारे ओल शोषणारे छोटे डबे कपड्यांच्या कपाटात चालतात, अख्ख्या खोलीला त्यांचा काही उपयोग नाही.

मार्च ते मे मात्र रोज रात्री खिडकी आणि सहा इंची एक्झॉस्ट चालू ठेवायचो. जाळी बारीक बसवा, नाहीतर गोमा येतात.

आता सजावट. चढाकडच्या भिंतीचं प्लास्टर छातीइतक्या उंचीपर्यंत खरवडून काढलं, तिथं चुन्याचा गिलावा केला आणि वर चुन्यातच थोडी पिवडी (पिवळी माती) कालवून हात मारले. रंगवाला हसत होता. पण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आतली उरलीसुरली ओल बाहेर सुकते, फोड येत नाहीत. यंदा एका कोपऱ्यात हाताएवढा डाग आला, ब्रश मारला, गेला. भर दुपारी दिवा लावल्यावर त्या भिंतीवर जो उजेड पसरतो तसा कुठल्याही महागड्या प्लॅस्टिक पेंटवर मला दिसला नाही. अंगाला मात्र थोडं पांढरं लागतं, त्यामुळं काळी साडी नेसून टेकू नका.

एका इंटिरिअरवाल्यानं वॉलपेपर, लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट फ्लोअरिंग आणि फॉल्स सीलिंग असं सुचवलं होतं. 8 फुटांत फॉल्स सीलिंग घातलं असतं तर नवऱ्याला वाकूनच फिरावं लागलं असतं. तिन्ही नको म्हटलं. जुनी शहाबादी फरशी आहे तीच घासून घेतली, वर उचलून झटकता येईल अशी सतरंजी. मांडण्या कडाप्प्याच्या, लोखंडी अँगलवर, भिंतीपासून दोन बोटं सुट्या. टेबलाचं प्लायवूड घेताना आयएस 710 शिक्का, म्हणजे पाण्याला टिकणारं, बघून घेतलं, साधं आयएस 303 चालत नाही असं नाही, पण तळघरात फरकाचे पैसे वसूल होतात. जे जे जमिनीवर उभं आहे त्याला निदान सहा इंचांचे पाय हवेत, खालून हवा फिरली पाहिजे आणि झाडू गेला पाहिजे.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू फुकटची आहे. सासूबाईंच्या आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ट्रंकेत होती. चुना आणि दगडी फरशी यामुळं खोलीत हलगी अशी काही घुमायची की कानठळ्या बसाव्यात. ती वाकळ सागवानी दांडीवर, भिंतीपासून दोन इंच सुटी टांगली आणि घुमारा निम्मा झाला. जवळ जाऊन बघितलं तर धावदोऱ्याच्या ओळी सरळ नाहीत, एका कोपऱ्यात लाल धागा संपून हिरवा लागलेला. उघडीप मिळेल तेव्हा गच्चीवर नेऊन उन्हात टाकते. शेजारी सासऱ्यांचा तरुणपणीचा खासबागेतला फोटो आहे, अंगाला लाल माती लागलेला. खासबागेचं कुस्तीचं मैदान 1912 ला बांधून झालं, त्या आखाड्यात आपण उतरलो होतो हे ते शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे. फोटोच्या फ्रेममागं चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवलेत, नाहीतर काचेच्या आत बुरशी जाते.

दिव्यांचं थोडक्यात. लटकता दिवा नको, छताचा पंखा नको. भिंतीवरचा पंखा, आणि छताकडं उजेड फेकणाऱ्या एलईडी पट्ट्या, 4000 केल्विनच्या, म्हणजे ना फार पिवळ्या ना फार पांढऱ्या. पांढऱ्या छतावरून उजेड परत खाली येतो आणि खोली उंच भासते. सुईत दोरा ओवायला वेगळा टेबल लॅम्प लागतोच.

हलगीबद्दल वेगळं सांगायला हवं. पावसाळ्यात चामडं ढिलं पडतं, वाजवायच्या आधी शेकोटीवर शेकून घ्यावं लागतं. कोरड्या तळघरात ती ताणलेली राहिली. भाऊजी पहिल्यांदा चकित झाले, मग तालमीतल्या दोस्तांच्या हलग्याही 'ठेवायला' आणायला लागले. त्या परत पाठवल्या. चामड्याच्या चपलांचं मात्र तितकं जमलं नाही, सणाला घालायचे दोन जोड कडाप्प्याच्या खालच्या फळीवर ठेवले होते, त्यांना हिरवट बुरशी आली. वरच्या फळीवर नाही आली. तळघरात जमिनीजवळची हवा जास्त ओली असते, हे त्यातून कळलं.

उन्हाळ्यात या खोलीला तोड नाही. वर 38 अंश असताना खाली 29-30, तेही एसीशिवाय. मे महिन्यात सगळं घर दुपारी खाली आडवं. गवतात घातलेली हापूसची अढी कोपऱ्यात, वास शिलाईच्या कापडांनाही लागला आणि एका बाईनं ब्लाउज घेताना हुंगून बघितला. कांदा-बटाटा मात्र पावसाच्या आधी वर न्यायचा, गूळ खाली ठेवायचाच नाही, पाझरतो.

काही गोष्टी आम्ही ठरवून केल्या नाहीत. गॅसची टाकी खाली नाही, भरलेलीही नाही आणि रिकामीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो आणि तळघरातून त्याला जायला वाट नसते. झोपायची खोली केली नाही. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे तळघराची उंची निदान 2.4 मीटर हवी आणि छत बाहेरच्या जमिनीपेक्षा 0.9 ते 1.2 मीटर वर हवं, म्हणजे हवेची सोय होते. उंची आमची कशीबशी बसते, पण राहायला खोली म्हणून तळघर नसतंच. विजेचे सगळे पॉइंट चार फुटांवर, आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. बाथरूमही नाही. गटाराच्या पातळीखाली ड्रेनेज असलं की मुसळधार पावसात ते उलटं येऊ शकतं. ज्यांना हवंच असेल त्यांनी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हशिवाय करू नये.

आणि हे सगळं उंचावरच्या घरासाठी आहे. जुलैत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी किती फुटांवर आलं ते आपण सगळेच मोबाइलवर बघत असतो, 39 ला इशारा, 43 ला धोका. पंचगंगेची फुगी जयंती नाल्यातून ज्या गल्ल्यांत शिरते, 2019 आणि 2021 ला जिथं पाणी बघितलं, तिथल्या लोकांनी तळघरावर एक रुपया घालू नये. तिथं पुराचं पाणी दारातून येण्याच्या आधी जमिनीखालून चढतं, आणि त्याला कुठलाच गिलावा अडवत नाही. मावसबहिणीचं घर त्या पट्ट्यात आहे, तिनं माझं बघून विचारलं तेव्हा तिलाही हेच सांगितलं. तिनं गच्चीवर पत्रा घातला.

राहिलेली कामं दोन. मोबाइलला खाली रेंज नाही, त्यासाठी वायफाय खालपर्यंत पोचवणारा डबा घ्यायचाय, लेक म्हणते घ्या, मी म्हणते बारावी होऊ दे. दुसरं काम पायऱ्यांचं. जिना अरुंद आणि उभा, सासूबाई म्हणतात, "खाली उतरतानाच गुडघं बोलायला लागतात." एका बाजूला कठडा आहे, दुसऱ्या बाजूलाही हवा. लोहाराला माप देऊन झालंय, तो दसऱ्यापासून "उद्या येतो" म्हणतोय.