कीक्लोकचा ॲडमिन कन्सोल आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी: हिरव्या संदेशावर थांबू नका

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, असतात, पण ईआरपी, हजेरी आणि हेल्पडेस्कचे पासवर्ड वेगवेगळे. हे सगळं एका लॉगिनवर आणायला मुक्त स्रोत असलेलं कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बेधडक सुचवू. त्याच्या कन्सोलमधला 'युजर फेडरेशन' (बाहेरची खाती जोडण्याचा) हा भाग नीट मांडलेला आहे आणि एलडॅपची, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या पद्धतीची, जोडणी कोड न लिहिता होते. खोट एकच: चाचणीची बटणं वाटतं त्यापेक्षा बरंच कमी तपासतात.

'टेस्ट कनेक्शन' फक्त सर्व्हरपर्यंत पोचता येतं का ते बघतं, 'टेस्ट ऑथेंटिकेशन' फक्त बाइंड खात्याचा (ज्या खात्याने कीक्लोक डिरेक्टरीत शिरतं त्याचा) पासवर्ड. दोन्ही हिरवे आले तरी एकही युजर न सापडणं सहज शक्य आहे. त्याचं नेहमीचं कारण 'सर्च स्कोप', म्हणजे शोध किती खोल जायचा ते. तो मुळात 'वन लेव्हल', म्हणजे एकाच पातळीपुरता, असतो. युजर्स डीएनमध्ये (शोध जिथून सुरू होतो त्या पत्त्यात) 'ओयू=पुणे' (ओयू म्हणजे डिरेक्टरीतला विभाग) दिलंत आणि माणसं त्याखालच्या 'ओयू=चाकण'मध्ये असली, तर सिंकचा, म्हणजे कीक्लोकमध्ये आणलेल्या खात्यांचा, आकडा शून्य येतो, तोही कुठलीही चूक न दाखवता. तिथे 'सबट्री' निवडा.

दुसरी जागा युजरनेमची. व्हेंडर 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' निवडला की कन्सोल युजरनेम ॲट्रिब्यूट म्हणून 'सीएन' (कॉमन नेम) भरतो. सीएनमध्ये सहसा पूर्ण नाव असतं, लोक मात्र विंडोजला टाकतात तेच छोटं नाव टाकणार. म्हणून तिथे 'सॅम-अकाउंट-नेम' घाला, आणि हे पहिल्या सिंकच्या आधीच करा. नंतर बदलायची वेळ आली तर 'मॅपर्स' टॅबमधला युजरनेमचा मॅपरही (डिरेक्टरीतलं कुठलं नाव कीक्लोकमध्ये भरायचं तो नियम) उघडून बघा; तो जुन्या सीएनवरच राहिला असेल तर लॉगिन जुळत नाही.

पोर्ट ३८९ सोडून ६३६ वर एलडॅप्स, म्हणजे एन्क्रिप्टेड एलडॅप, वापरा. यूआरएलमध्ये आयपी पत्ता नको, डोमेन कंट्रोलरचं (ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व्हरचं) पूर्ण नाव द्या: कीक्लोक ज्यावर चालतं ती जावा प्रमाणपत्रावरचं नाव पडताळते आणि जुळलं नाही की जोडणी तोडते. कंपनीच्या स्वतःच्या सीएचं (प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचं) प्रमाणपत्र कीक्लोकच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासातल्या प्रमाणपत्रांच्या साठ्यात, टाकावं लागतं. 'एडिट मोड' रायटेबल ठेवून पासवर्ड कीक्लोकमधून बदलायचा असेल, तर एन्क्रिप्टेड जोडणीशिवाय ॲक्टिव्ह डिरेक्टरी तो स्वीकारतच नाही. तशी गरज नसेल तर सरळ 'रीड ओन्ली' ठेवा.

बाइंडसाठी वेगळं सर्व्हिस खातं काढा, त्याला फक्त वाचायचा हक्क द्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या मूळ धोरणात पासवर्डची मुदत ४२ दिवस असते. ती या खात्याला लागू राहिली तर एखाद्या सकाळी सगळ्या कंपनीचं लॉगिन बंद पडेल.

कन्सोल अपयशाचं कारण फार त्रोटक सांगतो, आणि इथे त्याचे गुण आम्ही कापतो. खरं उत्तर सर्व्हर लॉगमध्ये असतं. एरर कोड ४९ च्या (लॉगिन नाकारल्याच्या) पुढचा 'डेटा' वाचा: ५२ई म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक, ५३२ म्हणजे मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद, ७७५ म्हणजे खातं लॉक.

हजारावर खाती असतील तर 'पेजिनेशन' (नोंदी टप्प्याटप्प्याने मागणं) चालू आहे ना ते बघा, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका उत्तरात मुळात १००० नोंदीच देते. ग्रुपच्या आत ग्रुप असतील तर ग्रुप मॅपरमध्ये रिकर्सिव्ह पर्याय निवडा, नाहीतर आतल्या ग्रुपमधल्या माणसाला बाहेरच्या ग्रुपचे हक्क मिळत नाहीत.

प्रोव्हायडर, म्हणजे ही एलडॅपची जोडणी, काढून नव्याने जोडायचा मोह मात्र आवरा. तो काढला की आयात झालेले युजर आणि त्यांना कीक्लोकमध्ये दिलेले रोल दोन्ही जातात. आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या, आणि काम गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला काढा. शिफ्ट बदलताना हजेरीचं लॉगिन अडलं तर गेटवर रांग लागते.