जुना पियानो, नऊ महिने आणि ट्यूनिंगवरचं वेगळं बिल

नोव्हेंबरात वांद्र्याच्या एका घरातून जुना अपराइट (उभ्या बांधणीचा) पियानो ठाण्याला आणला, मुलीसाठी. वाहतूक आणि एक ट्यूनिंग एवढाच खर्च धरला होता.

पहिल्या ट्यूनरने फोनवर एक रक्कम सांगितली आणि काम झाल्यावर दीडपट मागितली. "सूर फारच उतरले होते," एवढंच कारण. दीड तासात उठलाही. दोन महिन्यांत पियानो पुन्हा बेसूर.

मग दुसरे काका मिळाले. त्यांनी यायच्या आधीच मधला 'ए' हा सूर वाजवून ट्यूनिंगच्या ॲपवर बघायला लावलं. ४४० हर्ट्झ हवा तिथे ४३४, म्हणजे सूर उतरलेला. मग म्हणाले, "दोनदा फिरावं लागेल, अर्धी फी जास्त." का, तेही समजावलं. तारा सव्वादोनशेच्या आसपास आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा. एका भागातल्या तारा चढवल्या की साउंडबोर्डवरचा, म्हणजे तारांमागच्या लाकडी फळीवरचा, दाब वाढतो आणि आधी लावलेल्या पुन्हा उतरतात. म्हणून आधी सगळा पियानो ढोबळ चढवायचा, मग बारकाईने लावायचा. त्या दिवशी साडेतीन तास लागले. पहिल्याने दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले होते, फेरी मारलीच नव्हती!

गंजलेली तार चढवताना तुटू शकते, तारेचा खर्च तुमचा, हेही काकांनी आधीच सांगून ठेवलं. खर्जातली एक तुटलीच. तांबं गुंडाळलेली ती तार मापाने बनवून घ्यावी लागते, त्यामुळे ती महाग पडली, पण कुरकूर करावीशी वाटली नाही. जुलैत दमटपणामुळे तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. पट्ट्यांमधलं फुगलेलं फेल्ट (लोकरी कापड) सैल करण्याचं काम त्यांनी वीस मिनिटांत केलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचं काम मात्र ट्यूनिंगमध्ये घुसवणार नाही म्हणाले. त्याला वेगळा दिवस, तासावर पैसे.

एक गोष्ट पटली नाही. नवी तार ताणली जाऊन काही दिवस उतरत राहते, त्यामुळे ती पुन्हा लावायला यावंच लागतं. त्या फेरीचे पूर्ण पैसे लावले. ती फेरी तारेच्या किमतीतच धरायला हवी होती, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

तरी पुढचं ट्यूनिंग त्यांच्याकडेच. पाऊस संपून लाकूड सुकेपर्यंत थांबा म्हणालेत, म्हणून ऑक्टोबरअखेरची तारीख घेतली आहे. हातोड्यांचा अंदाज त्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून मागितलाय.