तक्रार दाखल झालीच नव्हती

स्वयंपाकघराच्या कामात एका कंत्राटदाराने मला फसवले, यात सांगण्यासारखे नवीन काही नाही. परंतु त्याच्याविरुद्ध दाद मागायला निघालो तेव्हा दाद मिळवून देतो म्हणणाऱ्यानेच मला दुसऱ्यांदा फसवले, आणि ही दुसरी फसवणूक पहिलीपेक्षा महागात पडण्याच्या बेतात होती, म्हणून तिच्याविषयीच मुख्यतः लिहीत आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मॉड्युलर किचनसाठी १,८५,००० रुपयांचे कोटेशन ठरले आणि मी १,२०,००० रुपये आगाऊ दिले. त्यातले ७०,००० धनादेशाने आणि ५०,००० यूपीआयने. काम १५ मार्चपर्यंत पूर्ण करायचे, असे कोटेशनवरच लिहिले होते. प्रत्यक्षात मरीन प्लायऐवजी पार्टिकल बोर्डाचे चार खोके भिंतीला ठोकून माणसे गेली, ती परत आलीच नाहीत. पुढचे वर्षभर मी ‘येत्या सोमवारी नक्की’ हे वाक्य ऐकत राहिलो.

जून २०२३ मध्ये ओळखीच्या एकाने मला एका ‘ग्राहक सल्लागारा’कडे पाठवले. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचे टेबल होते. आपण वकील नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले, आणि तोच आपला मोठा गुण असल्यासारखे सांगितले: “वकील लागतच नाही साहेब, मी आहे ना.” यातला पहिला भाग अगदी खरा असल्यामुळे दुसऱ्यावरही माझा विश्वास बसला. कंत्राटदाराविरुद्ध ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयासारख्या संस्थेत, तक्रार दाखल करण्यासाठी कोर्ट फीचे ९,००० आणि टायपिंगचे ३,००० असे १२,००० रुपये त्यांनी रोख घेतले. फी एवढी का, असे विचारल्यावर, “आपण भरपाई सहा लाखांची मागतोय, त्या हिशेबाने बसते,” असे उत्तर मिळाले.

हे उत्तर धादांत खोटे होते, आणि ते खोटे कसे हे मला तेव्हा माहीत असते तर पुढचे काहीच घडले नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यानुसार तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार व तिला फी किती लागणार, हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर वस्तू किंवा सेवेसाठी प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवरून ठरते. ही रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य असते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि तिथे सर्वांत वरच्या टप्प्याची फीसुद्धा १,००० रुपयेच आहे; म्हणजे ९,००० रुपयांची फी जिल्हा आयोगाच्या कोणत्याही टप्प्यात बसत नाही.

त्यानंतर मला एक क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मिळाली आणि ‘तारीख’ सुरू झाली. कधी विषय बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, आला नाही, कधी सदस्यांची जागा रिकामी आहे, कधी समोरच्याने मुदत मागितली. ही कारणे खऱ्या तक्रारींतही घडतात, त्यामुळे संशय घ्यायला जागाच नव्हती. ‘तारखेच्या खर्चा’साठी दोनदा दीड-दीड हजार आणखी गेले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या भाचीने सहज विचारले, “मामा, प्रतिज्ञापत्रावर तू सही कधी केलीस?” मी केलीच नव्हती. तक्रारदाराच्या सहीच्या प्रतिज्ञापत्राशिवाय तक्रार पुढे जाणारच कशी, हा साधा प्रश्न मला आठ महिन्यांत एकदाही पडला नव्हता. तिने तो चिठ्ठीवरचा क्रमांक ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर टाकून पाहिला, मी आयोगाच्या कार्यालयात जाऊन विचारले, आणि दोन्हीकडे माझ्या नावाची तक्रारच नव्हती. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. मुदत संपल्यावर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण देऊन आयोगाची खात्री पटवावी लागते. काम पूर्ण करण्याच्या तारखेपासून मोजले तर माझ्या हातात २३ दिवस उरले होते. त्या गृहस्थांनी माझ्या पैशांपेक्षा ही मुदतच जास्त खाल्ली होती.

मग मी स्वतः बसलो. आधी कंत्राटदाराला साध्या भाषेतली नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली; ती परत आली, तेव्हा तो लिफाफा न फोडता तसाच ठेवला. घटनाक्रम तारखांसह तीन पानांत मराठीत लिहिला, सोबत कोटेशन, पासबुकातल्या नोंदी, फोटो, व्हॉट्सॲपचे संदेश आणि त्यांच्यासाठी तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडले, पानांना क्रमांक घालून अनुक्रमणिका केली. दुकान एकट्याच्या मालकीचे असल्यामुळे दुकानाच्या नावाबरोबर मालकाचे नावही विरुद्ध पक्ष म्हणून लिहिले. हे राहून गेले असते तर पुढे वसुली कोणाकडून करायची, हा प्रश्न उभा राहिला असता. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, त्यामुळे हेलपाटे वाचले. १ मार्चला मी ई-दाखिल पोर्टलवर तक्रार भरली. (जानेवारी २०२५ पासून हे काम ई-जागृती पोर्टलवर होते.) फीच्या रकान्यात शून्य आले, तेव्हा मात्र मला हसावे की रडावे ते कळेना.

उत्तरासाठी विरुद्ध पक्षाला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. कंत्राटदार आलाच नाही आणि आयोगाने एकतर्फी आदेश देऊन मूळ रक्कम व्याजासह परत करायला सांगितली. आदेश झाला म्हणजे पैसे आले, असा माझा समज होता. पैसे आले ते अंमलबजावणीचा अर्ज केल्यावर आणि वॉरंट निघाल्यावर, तेही दोन हप्त्यांत.

सल्लागाराला दिलेले १५,००० रुपये मात्र अजून परत मिळालेले नाहीत. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, परंतु रोख रकमेचा पुरावा काय, या प्रश्नावर तो अडला आहे, आणि माझ्याकडे दाखवायला शिक्का नसलेली एक चिठ्ठी आणि ‘उद्या तारीख आहे’ असे सांगणारे दोन संदेश, एवढेच आहे.