वर्षाच्या बाळासाठी ठोकळे : काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

वर्षाच्या बाळासाठी ठोकळे मागितले की दुकानदार बहुतेक वेळा एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची मोठी पिशवी पुढे करतो. नग भरपूर आणि वर "१+" असं छापलेलं, त्यामुळे घेणाऱ्यालाही प्रश्न पडत नाही. पण पहिला संच म्हणून आमचं मत साध्या लाकडी घनांच्या बाजूने आहे. बाजू चार सेंटिमीटरच्या आसपास, संख्या दहा-बारा, आकार एकच. कमान, खिडकी, छप्पर काही नको.

कारण बाळाच्या वयात आहे. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची बालविकासाच्या टप्प्यांची यादी बालरोगतज्ज्ञ पुष्कळ वापरतात. तिच्यात बारा महिन्यांना "भांड्यात वस्तू टाकणं" आहे आणि पंधरा महिन्यांना "निदान दोन वस्तू एकावर एक ठेवणं". दाबून जोडणं दोन्हीकडे नाही. वर्षाचं मूल ठोकळा उचलतं, तोंडात घालतं, दोन ठोकळे एकमेकांवर आपटतं, पातेल्यात टाकतं, पातेलं पालथं करतं आणि पुन्हा भरतं. तुम्ही रचलेला मनोरा पाडणं हा त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा खेळ. या सगळ्याला साधा घन पुरतो. शिवाय पुढे रचायची वेळ आली की तो कुठल्याही बाजूने ठेवला तरी बसतो, आणि नेमकं हेच त्या वयात हवं असतं.

चारच सेंटिमीटर का, तर पकड आणि वजन. बाळाच्या मुठीत तीन ते साडेचार सेंटिमीटरचा घन नीट मावतो. पाच सेंटिमीटरचा एका हाताने धरताना तो निसटतो. वजनाचा फरक त्याहून मोठा आहे. बीच लाकडाचा चार सेंटिमीटरचा घन साधारण ४५ ग्रॅमचा असतो, पाच सेंटिमीटरचा जवळजवळ ९० ग्रॅमचा. बाजू एका सेंटिमीटरने वाढली की वजन दुप्पट होतं. बाळ उताणं पडून ठोकळा तोंडासमोर धरतं तेव्हा किंवा तो भिरकावतं तेव्हा ते वजन नाकावर, नाहीतर शेजारच्या भावंडाच्या कपाळावर येतं. पाइन किंवा आपल्याकडचं शिवण यांसारखं हलकं लाकूड असेल तर चार सेंटिमीटरचा घन ३० ग्रॅमच्या आसपास भरतो. ते उत्तमच.

लहान आकाराचा धोका सगळ्यांना माहीत असतो, पण माप माहीत नसतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात कुठलाही भाग पूर्ण मावला की ते खेळणं नापास. घरी टॉयलेट रोलमधली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती साधारण चार सेंटिमीटरची, म्हणजे नियमापेक्षा थोडी सैल असते, आणि सैलच बरी. जे तिच्यातून आरपार जातं ते बाजूला काढा. गोल गोष्टींना आणखी कडक नियम हवा, कारण चेंडू घशात बसला की श्वासाला कुठूनच वाट राहत नाही. म्हणून चेंडूंसाठीचं माप ४४.५ मिलिमीटर आहे. "शंभर ठोकळे" अशा जाहिरातीच्या संचांत बारीक दंडगोल, अर्धगोल आणि पातळ त्रिकोण भरून संख्या वाढवलेली असते. त्या शंभरांतले वर्षाच्या बाळाच्या हातात देण्यासारखे वीस-पंचवीस निघाले तरी पुष्कळ.

लाकडी संच घेताना दुकानातच दोन गोष्टी करून पाहा. सहा ठोकळे सपाट काउंटरवर एका रांगेत लावून वरून बोट फिरवा. एखाद्या ठिकाणी पायरी लागली तर कापणी नीट नाही, आणि असे ठोकळे तिसऱ्या-चौथ्या थराला डुगडुगतात. मग कडा बघा. त्या दीड-दोन मिलिमीटर गोलावलेल्या असाव्यात. धारदार कडा वाईट हे उघड आहे, पण फार गोलावलेल्याही नकोत. कडा जास्त घासल्या की टेकायची सपाट जागा कमी होते आणि बाळाने थोडा वाकडा ठेवलेला ठोकळा घसरतो. हल्ली मऊ दिसावेत म्हणून गोट्यासारखे गुळगुळीत ठोकळे विकतात. फोटोत छान दिसतात, रचायला निरुपयोगी.

रंग ही खरी काळजीची बाब, कारण या वयात प्रत्येक ठोकळा चोखला जातो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. मानक आयएस ९८७३. त्याच्या तिसऱ्या भागात रंगातून सुटून येणाऱ्या शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशा आठ मूलद्रव्यांवर मर्यादा घातली आहे. शिशासाठी ती किलोला ९० मिलिग्रॅम आहे. नववा भाग प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट्सबद्दल. ही सक्ती उगाच आली नाही. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे नमुने तपासले तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास झाले होते. खोक्यावर नुसती खूण पाहून थांबू नका. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं.

नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेली खेळणी यांना मात्र या सक्तीतून सूट आहे. बंगळूरू-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणच्या लाखकामाला ते मानांकन आहे, म्हणून तिथल्या अस्सल खेळण्यावर खूण नसेल तर ते बनावट ठरत नाही. तिथे कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, लाकूड फिरतं ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. हळदीसारखे वनस्पतीजन्य रंग वापरलेलं हे काम तोंडात जायलाही चांगलं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: फिरत्या लाकडावरचं काम गोलच होतं. कड्या, दंडगोल, बाहुल्या यांवरची लाख खात्रीची. "चन्नपट्टण" नावाने विकले जाणारे चौकोनी ठोकळे असतील तर त्यांना रंग कसा दिला आहे ते विचारा. तो ब्रशने किंवा फवाऱ्याने दिलेला असेल तर त्यात काय आहे हे विक्रेत्याला सांगता आलं पाहिजे.

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतलं बरंच रंगकाम मांडून ठेवण्यासाठी असतं, चोखण्यासाठी नाही. तिथून ठोकळे घ्यायचे तर बिनरंगी मागा. रंगाशिवाय बाळाचं काही अडत नाही.

घरी एक चाचणी सहज होते. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा कोमट पाण्यात भिजवून ठोकळ्यावर अर्धा मिनिट दाबून घासा. फडक्यावर रंग उतरला तर ठोकळा परत करा. रंग उतरला नाही म्हणून शिसं नाही असं मात्र ठरत नाही. ते कळायला प्रयोगशाळाच लागते, म्हणून ही चाचणी परवाना क्रमांकाच्या जागी धरू नका.

सुताराकडून करून घेणं हा आमच्या मते सगळ्यात चांगला सौदा आहे, फक्त लाकूड कुठून आलं ते विचारायचं. शिवण, आंबा किंवा बाभूळ चालतं. बाभूळ जड असल्याने तिचे ठोकळे साडेतीन सेंटिमीटरचे करा. प्लायवूड नको, त्याच्या कापलेल्या कडेच्या कुसळी निघतात आणि आत डिंक असतो. जुन्या दारा-खिडक्यांचं रंगवलेलं लाकूड अजिबात नको. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन वापरणार असतील तर फळीवरचा शिक्का बघा. "एचटी" म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ती चालेल. "एमबी" म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नको. कापल्यावर आधी १२० नंबरच्या आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने घासून घ्या, कडा हातानेच मोडा. वर काही लावायचंच असेल तर शुद्ध मेण चोळा. बाजारातलं "बॉइल्ड" जवस तेल लावू नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

आता प्लास्टिक. मेगा ब्लॉक्सची ८० नगांची पिशवी एक ते पाच वर्षांसाठी म्हणून विकली जाते. कंपनी मूळची माँट्रिअलची, २०१४ पासून मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीकडे. एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांपैकी वर्षाच्या बाळाला खरोखर जमतो तो हाच. ठोकळे मोठे, पोकळ आणि हलके, त्यामुळे भिरकावले तरी लागत नाहीत. जोड सैल आहे. बाळाला जोडता येत नाही तेव्हाही ते ओढून सुटे करू शकतं, आणि जोडण्याआधी सोडवणं येतं हे लक्षात ठेवून घेतलं तर निराशा होत नाही. हीच सैल जोड पुढे अडचणीची ठरते. आठ-दहा ठोकळ्यांचा मनोरा उचलला की मध्येच तुटतो, आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ते मुळीच आवडत नाही. खालची पोकळी हा दुसरा दोष. लाळ आणि बिस्किटाचा लगदा तिच्यात अडकतो. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पोकळी वर नाही, खाली करून जाळीवर वाळवा.

लेगोचा डुप्लो १९६९ पासून आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही साध्या लेगोच्या दुप्पट, म्हणून पुढे बारीक लेगो त्यावर बसतो आणि खर्च वाया जात नाही. खोक्यावर दीड वर्ष लिहिलेलं असतं ते बरोबरच आहे. त्याची जोड घट्ट आहे, वर्षाच्या बाळाच्या मनगटात ती दाबायचं बळ नसतं. वाढदिवसाला कोणी ६५ नगांचा डबा दिलाच तर साधे चौकोनी नग काढून द्या, बाकीचे सहा महिने वर ठेवा. किमतीत हा सगळ्यांत महाग, पण पाच-सहा वर्षं वापरात राहतो. मेगाचे मोठे ठोकळे आणि डुप्लो एकमेकांत बसत नाहीत, म्हणून दोन्ही अर्धे-अर्धे घेऊ नका.

फिशर-प्राइसची दहा ठोकळ्यांची, भोकांचं झाकण असलेली बादली सहा महिन्यांपासून चालते. सुरुवातीला झाकण काढून नुसती बादली द्या. झाकणातून आकार ओवणं नंतर येतं, तेही आधी गोल.

कापडी ठोकळे सहा-नऊ महिन्यांचे. वर्षाला ते उशीर झालेलेच असतात, रचले जात नाहीत आणि पावसाळ्यात आतला स्पंज वाळत नाही, बुरशी धरतो. फोमचे ठोकळे दात आलेल्या बाळाला देऊ नका, चावून तुकडा निघतो. चुंबकाच्या पट्ट्या तीन वर्षांच्या आत घरातच नकोत. पट्टी फुटून दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये पकडून भोक पाडतात. आवाज करणाऱ्या ठोकळ्यातल्या बटण सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर तोही नको.

लाकडी ठोकळे भिजत घालायचे नाहीत. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करा आणि सावलीत हवेवर ठेवा. लाखेच्या कामाला सॅनिटायझर लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराचं फ्रेंच पॉलिश होतं ते त्यामुळेच. एका पुसण्यातच चकाकी जाते आणि पृष्ठभाग चिकट होतो. उकळतं पाणीही नको.

खेळायला एका वेळी आठ-दहाच ठोकळे आणि एक रुंद स्टीलचं पातेलं द्या. जास्त दिले की बाळ नुसतं ढकलत बसतं. रचायचं असेल तेव्हा गादी किंवा फोमची चटई उपयोगाची नाही, खालचा ठोकळा रुततो. पाट किंवा फरशी हवी.

बाळ स्वतः तीन-चार ठोकळ्यांचा मनोरा करू लागलं, बहुधा दीड वर्षाच्या सुमारास, की त्याच मापाचे पण बरोबर दुप्पट लांबीचे सहा नग वाढवा, म्हणजे चार बाय चार बाय आठ. लांबी नेमकी दुप्पटच हवी. मग दोन घनांशेजारी एक आडवा लांब नग मापाला माप बसतो आणि दोन खांबांवर ठेवला की पूल होतो. साडेसात किंवा साडेआठ सेंटिमीटरचा असला की पुढचा थर जुळत नाही.