व्हेनिसमधला चौदा एत्तोंचा मासा

आधीच सांगते, ट्रिप मस्त झाली. इटली सुंदर आहे, माणसं गोड आहेत, परत जायची संधी मिळाली तर उद्या बॅग भरेन. पण २०२५ च्या मे महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सासूबाई) रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस करून आलो तेव्हा दोनदा मोठे फसलो आणि दोन्ही वेळा कोणी खिसा कापला नाही, बॅग पळवली नाही, आम्ही स्वतःच्या हाताने पैसे दिले. सगळे जाताना सांगतात पाकीट सांभाळा, पासपोर्ट पोटाला बांधा, ते सगळं आम्ही केलं, पट्टा बांधून बांधून कंबरेला घामोळं आलं. आणि फसलो कुठे, तर ठाण्यात घरी सोफ्यावर बसून एकदा आणि जेवणाच्या टेबलावर एकदा.

पहिलं रोममधल्या राहण्याचं. तेर्मिनी स्टेशनजवळ एक छोटं अपार्टमेंट बुक केलं होतं, नेहमीच्या मोठ्या बुकिंग ॲपवरून, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे असं ठरलेलं. निघायच्या नऊ दिवस आधी ॲपच्याच चॅटमध्ये मेसेज आला. नीट वाचा, ॲपच्याच चॅटमध्ये, जिथे आधी घरमालकिणीशी चेक-इनच्या वेळेबद्दल बोलणं झालं होतं त्याच्याच खाली. तुमचं कार्ड व्हेरिफाय झालेलं नाही, बारा तासांत केलं नाही तर बुकिंग रद्द होईल, पैसे कापले जाणार नाहीत फक्त तपासले जातील. आमची नावं बरोबर, तारखा बरोबर, बुकिंग नंबर बरोबर. आता यात संशय घ्यायला जागा कुठे आहे? नवऱ्याने लिंक उघडली, पान हुबेहूब ॲपसारखं, कार्ड नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले आणि ४१२ युरो गेले. ओटीपी आलाच नाही. आपल्याला सवय असते की ओटीपी आल्याशिवाय पैसे जात नाहीत, पण बाहेरच्या देशातल्या पेमेंटला बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही, नंबर हातात आला की काम झालं. दोन मिनिटांनी दुसऱ्यांदा तेवढेच कापायचा प्रयत्न झाला तो बँकेने अडवला म्हणून निदान कळलं तरी.

नंतर उलगडा झाला तो असा. चोर आमच्या अकाउंटमध्ये नाही, त्या घरमालकिणीच्या अकाउंटमध्ये घुसले होते. तिला कुठलीतरी खोटी मेल पाठवून पासवर्ड काढून घेतला आणि मग तिच्या नावाने सगळ्या येणाऱ्या पाहुण्यांना मेसेज टाकले. रोमला पोचल्यावर ती बिचारी दारातच हात जोडून उभी, त्या आठवड्यात आमच्यासारखे आणखीही गिऱ्हाईक. तिची चूक नव्हती, तिला तिचे पैसे मिळायला हवेतच, म्हणजे आम्ही त्याच घराचे दोनदा दिले. बँकेत डिस्प्यूट टाकलाय, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून तक्रारही नोंदवलीये, पण कार्डाचे डिटेल तुम्हीच स्वतः भरलेत ना असं म्हणतायत, आणि खरंय ते. मेसेज आल्यावर लिंकला हात न लावता ॲप बंद करून परत उघडून बुकिंगमध्ये खरंच काही पेमेंट मागतायत का बघायचं, किंवा सरळ फोन लावायचा, एवढंच करायचं होतं. आणि कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवता येतात, पाहिजे तेव्हा चालू करायचे. आम्ही व्हिसाच्या फीसाठी चालू केले होते ते तसेच राहिले.

रोममधल्या बारीकसारीक गोष्टी भरभर सांगते. कोलोसियमबाहेर गळ्यात ओळखपत्र लटकवलेले लोक रांग न लावता आत नेतो म्हणून मागे लागतात, माणशी ४५ युरो सांगत होते, अधिकृत साधं तिकीट १८ चं आहे आणि त्यात शेजारचे फोरमचे जुने अवशेष आणि पॅलेटाइन टेकडीही येते, पण त्यावर नाव छापलेलं असतं आणि दारात पासपोर्ट बघतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाकडून घेतलेलं चालेलच असं नाही. पँथिऑन या जुन्या देवळाला तेव्हा ५ युरो होते, तिथेही बाहेर तेच लोक. फ्युमिचिनो विमानतळावरून शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत यायला टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे, ५५ युरो, चार माणसं आणि सामान धरून, टॅक्सीच्या दारावर लिहिलेलं असतं. ट्रेनचे माणशी १४ होतात म्हणजे चौघांना जवळपास तेवढेच पडतात, फक्त आत येऊन "टॅक्सी टॅक्सी" करणाऱ्याच्या मागे जायचं नाही, बाहेर रांगेत उभं राहायचं. स्पॅनिश पायऱ्यांवर एकाने लेकीच्या मनगटाला दोरा बांधला आणि १० युरो मागितले, सासूबाईंनी तो दोरा सोडून त्याच्या हातात परत दिला. त्या बाईंच्या हातात पहिल्यापासून सगळा कारभार द्यायला हवा होता हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आता व्हेनिस. राहिलो मेस्त्रेला, म्हणजे पुलाच्या अलीकडे, जमिनीवर, तिथून ट्रेनने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस. स्वस्त पडतं. दिवसभरासाठी येणाऱ्यांना ठराविक दिवशी व्हेनिसमध्ये शिरायची फी असते, ५ युरो, आयत्या वेळी काढली तर १०, पण मेस्त्रेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती माफ असते कारण हॉटेलात शहराचा टॅक्स भरलेलाच असतो, फक्त त्या सूटीचा क्यूआर आधी काढून ठेवायचा. तो फुकट निघतो.

पहिल्या संध्याकाळी पाय मोडून गेले होते, सान मार्कोच्या चौकातून मागच्या गल्ल्यांमध्ये भटकत होतो, साडेसात झाले, लेक भुकेने चिडलेली. एका हॉटेलाबाहेर बर्फावर मासे मांडलेले. सासूबाई मूळच्या मालवणच्या. पंधरा दिवस पिझ्झा-पास्ता खाऊन त्यांचं तोंड कडू झालेलं, ते मासे बघून त्या तिथेच थांबल्या. वेटर पण असा की काय विचारता, "मम्मा, मम्मा" करत त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला, खुर्ची काय ओढली, शाल काय नीट केली. बसल्या बसल्या ब्रेड आला, पाणी आलं, आणि काही न मागता चार प्लेटी आल्या, कोळंबी, माकूल, तिसऱ्यांसारखं काहीतरी, थोडं थोडं सगळं. आम्हाला वाटलं हॉटेलतर्फे असेल, आपल्याकडे नाही का बसल्यावर कांदा-लोणचं आणून ठेवतात.

मग तो एका थाळीत मासा घेऊन आला. ब्रांझिनो. तोंडावळा आपल्या जिताड्याच्या लांबच्या भावासारखा. सासूबाईंनी चष्मा लावला, कल्ला उचलून बघितला, बोटाने दाबून बघितला, डोळे बघितले. "ताजो आसा गो, घे." वेटर टाळ्या वाजवायला लागला, मम्मा एक्स्पर्ट म्हणून. आजूबाजूची टेबलं हसायला लागली, आम्ही पण खूश, लेक व्हिडिओ काढतेय. मेन्यूवर ब्रांझिनोपुढे ९ लिहिलं होतं, मी बघितलं होतं, म्हटलं ९ कसे असतील, बहुतेक माणशी असतील, चौघांचे ३६, ठीके. खरं सांगते, मनात शंका आली होती. पण एवढा सगळा कौतुकसोहळा चालू असताना मध्येच "कितीला?" विचारणं कसं दिसेल? चिंधी वाटू आपण. ठाण्याच्या मार्केटात मी सुरमईच्या तुकडीला वीस रुपयांवरून भांडते, कोळणीशी अर्धा तास हुज्जत घालते, आणि तिकडे गोऱ्यांच्या देशात टेबलावर पांढरं कापड बघितलं आणि तोंडाला कुलूप.

मासा उत्तम होता. ते नाकारता येत नाही. लिंबू, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. सासूबाई काटे चोखत होत्या.

बिल म्हणून एक चिठ्ठी आली, हाताने लिहिलेली, खाली नुसता आकडा, ३२०. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि त्याचा स्वभाव असा की चारचौघांत आवाज वाढवायचा नाही, त्याने कार्ड काढलं. वेटरने मशीनवर स्वतःच काहीतरी दाबलं आणि पुढे केलं, स्क्रीनवर रुपये दिसत होते, नवरा म्हणाला अरे वा रुपयातच दाखवतंय, बरंय. टॅप केलं. बाहेर येऊन पुलावर उभं राहून मग हिशोब मांडायला लागलो, मग परत आत जाऊन नीट बिल मागितलं, ते मात्र दिलं त्यांनी, छापील, शिस्तीत.

ब्रांझिनो, १४ एत्तो, १२६ युरो. लेकीने फोनवर शोधलं, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. ९ युरो माणशी नाही, ९ युरो शंभर ग्रॅमला. मासा एक किलो चारशेचा. मेन्यूवर ९ च्या बाजूला बारीक अक्षरात "ल'एत्तो" होतं, आम्हाला ते माशाच्या नावाचंच शेपूट वाटलं. न मागता आलेल्या प्लेटी २२ प्रमाणे चार, ८८. कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसल्याचे, माणशी ४. पाण्याच्या दोन बाटल्या १२. लेकीचा पास्ता १८, नवऱ्याचं शिंपल्यांचं स्पगेत्ती २६. झाले २८६, त्यावर १२ टक्के सर्व्हिस. आणि ते रुपये? युरो तेव्हा ९६ च्या आसपास होता, मशीनने लावला होता १०१ रुपये ५० पैसे. म्हणजे सतराशे-साडेसतराशे रुपये नुसते "रुपयात दाखवल्याचे" गेले, आणि महिनाअखेर स्टेटमेंटमध्ये बघते तर परदेशात रुपयात व्यवहार केला म्हणून बँकेनेही वेगळा चार्ज लावलेला. मशीन विचारतं तेव्हा कायम युरोच दाबायचं, एटीएमवर पण, आणि वेटरच्या हातात मशीन असेल तर आपल्या हातात मागून घ्यायचं.

आता यात फसवणूक कुठली आणि आमचा बावळटपणा कुठला हे मी खूप दिवस मोजत बसले होते. एत्तोवर भाव सांगणं ही लबाडी नाही, तिकडची माणसं हॅम-चीजसुद्धा एत्तोवरच घेतात. कोपेर्तोसुद्धा तिकडची जुनी रीत आहे, मेन्यूत लिहिलेलं असतं (रोममध्ये मात्र नाही, त्या प्रांताच्या कायद्यात बंदी आहे, तिथे "पाने" म्हणून ब्रेडचे लावतात आणि ब्रेड नको म्हणून परत पाठवता येतो). पण मासा दाखवताना वजन न सांगणं, न मागितलेल्या प्लेटी पुढ्यात ठेवणं, न विचारता रुपयाचं बटण दाबणं, ह्याला मी लबाडीच म्हणणार. आणि हे नवीनही नाही. २०१८ मध्ये व्हेनिसलाच चार जपानी विद्यार्थ्यांना मांसाचे तुकडे, मासे आणि पाणी यांचे ११०० युरोच्या वर लावले होते, त्याची जगभर बातमी झाली होती. आम्ही त्या मानाने स्वस्तात सुटलो म्हणायचं.

मी रात्री हॉटेलात रडवेली झाले. सासूबाई अंथरुणावर पाय चोळत म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण. मी इचारतलंय, तर तुम्हीच म्हणालात आई गप्प बसा." हे खरं होतं. मी म्हणाले होते.

दुसऱ्या दिवसापासून विचारायचं खातं त्यांच्याकडे दिलं. लेकीने त्यांना दोन वाक्यं पाठ करून दिली, "क्वांतो पेसा" म्हणजे वजन किती आणि "क्वांतो कोस्ता" म्हणजे किंमत किती. दुपारी दुसऱ्या ठिकाणी माशावर बोट ठेवून त्यांनी दोन्ही विचारलं, मालकाने काही कुरकूर न करता वजनकाट्यावर ठेवून दाखवला, आकडा कागदावर लिहिला, आम्ही छोटा द्या म्हटलं, त्याने छोटा दिला. कोणाला चिंधी वाटलो नाही. शेजारच्या टेबलावरची इटालियन बाई पण तेच विचारत होती. ब्रेडबरोबर न मागितलेली एक प्लेट आली ती आईंनी हाताने मागे सरकवली. मेन्यूत एखाद्या माशापुढे चांदणी असली तर तो फ्रोझन असतो हेही तिथेच कळलं, आणि तेव्हापासून त्या मेन्यू वाचण्याआधी चांदण्या मोजायच्या.

शेवटच्या दिवशी सकाळी रिआल्तोच्या मासळी बाजारात गेलो. रविवार-सोमवार बंद असतो तो, आमचा शुक्रवार होता. खांबांच्या खाली बर्फावर माकूल, खेकडे, आणि प्रत्येक ढिगावर खडूने लिहिलेली पाटी. तोच ब्रांझिनो, २८ युरो किलो. आमच्या टेबलावर तो ९० किलोने आला होता. हॉटेलवाला भाडं-पगार काढणार हे मान्य, तरी आई त्या पाटीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी एका माकुलाकडे बोट केलं आणि गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला इटालियन विसरून सरळ मालवणीत विचारलं, "हेचो भाव काय रे?" त्याने बोटं दाखवली. आईंनी मान हलवून एक बोट कमी केलं. तो हसला, मान हलवली, पाटीकडे बोट दाखवलं. दोन-तीन वेळा असं झालं. घ्यायचं काहीच नव्हतं, शिजवणार कुठे, दुपारची ट्रेन होती.