कन्सोल सर्व्हरचे युजर बॉक्सवरच ठेवायचे की टॅकॅक्सवर?

राजेहो, ज्याचे दारव्हा, दिग्रस, आर्णी असे चार-पाच ठिकाणी रॅक आहेत अन् प्रत्येकात कन्सोल सर्व्हर (म्हणजे नेटवर्क बंद पडलं तरी राउटरच्या कन्सोल पोर्टमधून दुरून आत शिरायचा बॉक्स) बसवायचाय त्याच्यासाठी लिहितोय. मशीन कोणतं घ्यायचं ते नंतर बघा, आधी इंजिनियरचे अकाउंट कुठं ठेवायचे ते ठरवा: प्रत्येक बॉक्सवर लोकल, की टॅकॅक्स (पूर्ण नाव टॅकॅक्स प्लस) म्हणजे सगळ्यांचं लॉगिन एका जागी तपासणाऱ्या सर्व्हरवर.

दोनच बॉक्स असतील तर लोकल अकाउंट बस झाले, उगाच सर्व्हर उभा करू नका. युजर बनवा, ग्रुप द्या, कोणाला कोणता पोर्ट दिसेल ते टिक करा, संपलं. त्रास होतो तो बॉक्स वाढले की. माझ्याकडचा एक पोरगा काम सोडून गेला, तीन ठिकाणचं त्याचं अकाउंट काढलं अन् चौथ्या ठिकाणी ते आठ महिने चालू राहिलं. त्यानं काहीच केलं नाही, चांगला पोरगा होता, पण कन्सोल हातात असलं की राउटर रिबूट करून पासवर्डसुद्धा बदलता येतो, म्हणून कळल्यावर मला रात्रभर झोप नाही आली.

टॅकॅक्स प्लसमध्ये एका जागी नाव काढलं की सगळीकडून गेलं. हे टीसीपी 49 वर चालतं, लॉगिन वेगळं, परवानगी वेगळी, कोणी कधी काय केलं त्याची नोंद वेगळी.

रेडियस हाही लॉगिन तपासणारा तसाच दुसरा प्रकार, पण त्यात लॉगिन अन् परवानगी एकाच उत्तरात येतात, पोर्ट 1812 वर, नोंद तेवढी वेगळ्या पोर्टवर, 1813. पॅकेटमध्ये पासवर्ड झाकलेला असतो, युजरनेम उघडंच. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डवालं ब्रॉडबँड) ग्राहकांसाठी आपल्याकडे रेडियस आधीच असतो म्हणून खूप जण त्यातच इंजिनियर घालतात, ते करू नका, वेगळा ठेवा. 2024 मध्ये रेडियसमध्ये ब्लास्ट-रेडियस नावाचं भगदाड निघालं, त्यात मधे बसलेला माणूस सर्व्हरच्या नकाराचा होकार करू शकतो, त्यामुळं अपडेट पाहिजेच. टॅकॅक्सचं झाकणंही जुनंच आहे बरं का, दोन्ही व्हीपीएनच्या आतच चालवा.

माझं मत टॅकॅक्सला, पण एका अटीवर. आपल्याकडे रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली की तेव्हाच कन्सोल सर्व्हर लागतो, आपण सिमवरून आत शिरतो, अन् नेमका तेव्हाच यवतमाळचा टॅकॅक्स सर्व्हर त्या बॉक्सला दिसत नसतो! म्हणून प्रत्येक बॉक्सवर एक लोकल अकाउंट लागतंच, लांब पासवर्ड, कागदावर लिहून कपाटात. सेटिंगमध्ये दोन प्रकार मिळतात, नीट वाचा: एकात टॅकॅक्स 'नाही' म्हणालं तरी बॉक्स लोकल यादी बघतो, दुसऱ्यात सर्व्हर पोचतच नसेल तेव्हाच बघतो. दुसराच घ्या, नाहीतर काढलेला माणूस लोकलवरून परत आत.

अन् राउटरच्या कन्सोललाही टाइमआउट लावा. आधीचा माणूस लॉगआउट न करता गेला तर पुढचा त्याच सेशनमध्ये थेट अॅडमिन म्हणून उतरतो, मग कन्सोल सर्व्हरवर कितीही परवानग्या लावा. सगळं झालं की पावसाळ्याच्या आधी एकदा अपलिंकची वायर काढून सिमवरून लॉगिन करून बघा.